दुसरा ब्रेक

आमची गाडी मुळात मावशीची. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. ती गाडी चालवायला शिकवते. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलंय, आणि त्यातलं बरंचसं तिची बोलणी खाऊन. मीही त्यातलीच. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही पायाने दाबायच्या पट्टीचा एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. मावशीने नवी गाडी घेतली आणि ही जुनी आमच्या दारात आणून उभी केली, तेव्हा बॉनेटवर थाप मारून तिने सांगितलं होतं की पुढचे ब्रेक पॅड नवेकोरे घातलेत, छपरावरची पाटी काढलीय आणि शेजारचा ब्रेक मिस्त्रीकडून बंद करून घेतलाय.

"विहीणबाई," ती माझ्या सासूबाईंना म्हणाली, "तुमचा गुडघा दुखतो ना? त्या पट्टीवर खुशाल पाय टेकवून बसत जा. आता ती तेवढ्याच कामाची उरलीय."

गाडी दारात आली ती आमच्या ठोंब्याच्या पायांसाठी. ठोंब्या जन्मला तेव्हा त्याची दोन्ही पावलं आत वळलेली होती, एकमेकांच्या कानात काहीतरी सांगायचं असल्यासारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घाबरायचं कारण नाही, पाय सरळ होतात, पण दर आठवड्याला यायचं. दर खेपेला जुनं प्लास्टर कापायचं, पाऊल हातांनी किंचित बाहेर वळवायचं आणि नवं प्लास्टर घालायचं. काही बाळांना थोडे आठवडे पुरतात. आमचं बाळ नावासारखंच हट्टी निघालं, त्याला बरेच लागले. एक आठवडा जरी चुकला तरी पाऊल मागे फिरू बघतं, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

दवाखाना खाली, मोठ्या गावात. आम्ही वर, डोंगराच्या खांद्यावर. मधे वळणावळणांचा लांबच लांब उतार. नवरा जहाजावर. निघताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "तुला जमतंय तोवर तूच चालव. पण जरा जरी वाटलं की जमत नाहीये, तर ठोंब्याला घेऊन ताईकडे जाऊन राहा, प्लास्टर संपेपर्यंत." मी कबूल केलं. ताई म्हणजे माझी नणंद. तिचं घर दवाखान्याजवळ आहे, माणसं चांगली आहेत, पण घर उंच जिन्यावर. सासूबाईंचा गुडघा तो जिना चढू शकत नाही. म्हणजे मी आणि ठोंब्या खाली, सासूबाई वर एकट्या, आणि नवरा पाण्यावर. एका घराचे तीन तुकडे.

आणि सासूबाईंशिवाय ते प्लास्टर मला जमलं नसतं. ओलं प्लास्टर घालताना बाळाचा गुडघा वाकवून अगदी स्थिर धरावा लागतो. पहिल्या खेपेला ठोंब्याने असा टाहो फोडला की माझ्या हातून गुडघा सुटला. सासूबाईंनी मला खांद्याने बाजूला सारलं, त्याचा गुडघा आपल्या हातात घेतला आणि ओठ मिटून गुणगुणायला लागल्या. सूर नाही, शब्द नाहीत, नुसता पाण्याच्या मोटारीसारखा एक घूंऽऽ. ठोंब्या गप्प. तेव्हापासून ते काम त्यांचं. डॉक्टरीणबाई तर मला म्हणतात, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल, आजींना आत पाठवा.

माझं काम, गाडी. तेवढं एक मला यायला हवं होतं.

आणि येत होतं, असं मला वाटत होतं. एकदा सासूबाईंबरोबर बाजाराच्या रस्त्याने हळूहळू येताना गल्लीतून सायकलवर एक मुलगी भस्सकन पुढ्यात आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी खिळा ठोकल्यासारखी थांबली. सायकलच्या चाकात आणि आमच्या बंपरमध्ये हात मावेल एवढीच जागा उरली होती. मुलीने जीभ चावली, हसली आणि निघून गेली. जहाज बंदराला लागलं की नवऱ्याचा फोन येतो, तेव्हा मी त्याला हे साग्रसंगीत सांगितलं. पुढच्या फोनला पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, तुझा पाय भलताच चपळ दिसतोय. सासूबाई शेजारी ठोंब्याची लंगोटं घडी करत होत्या. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. माझ्या सासूबाईंच्या "हं"मध्ये पाच-सहा अर्थ असतात. त्यातला कुठला ते मी विचारायला गेले नाही.

एक त्रास मात्र होता. आम्ही खाली जातो त्याच सुमारास पावाची गाडी घेऊन एक पाववाला आमच्या मागे असतो. तो उतारभर दिव्यांची उघडझाप करायचा, हॉर्न द्यायचा, आणि सपाटीला लागला की माझ्याकडे बघून काहीतरी हातवारे करत पुढे निघून जायचा. एकदा दवाखान्यासमोरच भेटला, तर म्हणाला, "ताई, मागचे लाल दिवे काय कायमचे पेटवून ठेवलेत का?" मला वाटलं, मी सावकाश चालवते म्हणून टोमणा मारतोय. मी त्याला म्हटलं की घाई असेल तर अंधार असताना निघत जा. तो बिचारा पुन्हा काही बोलला नाही.

मग गाडी ओरडायला लागली.

पहिल्यांदा फाटकाशी वळताना, बारीकसं चींऽऽ. मग प्रत्येक थांब्याला. ठोंब्याला ते भारी आवडलं; गाडी ओरडली की तो प्लास्टरचे दोन्ही पाय सीटवर आपटायचा. मी मावशीला फोन लावला. ती म्हणाली, आवाज काढून दाखव. मी स्वयंपाकघरात उभी राहून चींऽऽ केलं. म्हणाली, पुन्हा काढ, लांबव. मी लांबवला. ठोंब्या खदखदून हसला, सासूबाई दारातून डोकावून गेल्या. मावशी म्हणाली की हा पॅड संपल्याचा आवाज आहे. पॅडच्या कडेला लोखंडाची छोटीशी पट्टी असते. पॅड झिजून पातळ झाला की ती चाकामागच्या चकतीला टेकते आणि किंचाळते. मुद्दामच तशी ठेवलेली असते. किंचाळतेय तोवर हातात वेळ आहे. किंचाळणं थांबून खर्र खर्र खरडल्यासारखं झालं, की चकतीही गेली आणि वेळही गेला.

"पण मी तर नवे घातले होते गं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "वर्षं निघायला हवीत त्यांची. उद्या येते. तोपर्यंत गाडी हलवायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती आली ती तिच्या पत्र्याच्या पेटीसकट. येताच चाकाच्या जाळीतून टॉर्च मारला आणि मला वाकायला लावलं. आत चमकणारी चकती, आणि तिला चिमटीत धरल्यासारखे दोन्ही बाजूंनी दोन पॅड. "नवा पॅड बोटाएवढा जाड असतो. हा बघ," म्हणाली. मी बघितलं. बिस्किटाचा चुरा उरावा तेवढा.

मावशीने सगळं मलाच करायला लावलं. तिची शिकवायची रीतच ती. स्वतः हात लावत नाही आणि तोंड थांबत नाही. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, वर उचलल्यावर जोर लावला तर चाक गरागरा फिरतं आणि आपण तोंडघशी. मग जॅक. आणि जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, म्हणून गाडीखाली लोखंडी स्टँड सरकवायचा. चाक निघालं. चकतीवर बसलेला पंजा, त्याला कॅलिपर म्हणतात, त्याचा खालचा बोल्ट काढून तो दाराच्या झडपेसारखा वर उचलायचा आणि तारेने बांधून ठेवायचा.

"लोंबकळू द्यायचा नाही. ऑइलची नळी आहे ती, दोरी नव्हे," मावशी म्हणाली.

सासूबाई पायरीवर ठोंब्याला मांडीत घेऊन हे सगळं बघत होत्या. त्यांचा चेहरा लग्नाच्या बोलणीला बसल्यासारखा होता.

जुने पॅड काढून मावशीने फरशीवर मांडले. एका चाकाचे दोन, दुसऱ्या चाकाचे दोन. पॅड जोडीनेच बदलायचे असतात, दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. चारही पॅड ती कितीतरी वेळ उलटेपालटे करून बघत बसली. मग उकिडवी बसल्या बसल्याच तिने मान वर केली. आवाज बदललेला. मी शिकत असताना सिग्नलला गाडी बंद पाडली की हाच आवाज यायचा.

म्हणाली, कॅलिपर अडकला असता तर एका चाकाचे पॅड झिजले असते, दुसऱ्याचे शाबूत राहिले असते. पंजा ज्या पिनेवर सरकतो ती सुकली असती तर आतला झिजला असता, बाहेरचा नाही. हे चारही एकसारखे झिजलेत. चकतीही तापून निळसर झालीय.

"ही यंत्राची झीज नाही. पायाची आहे. तू उतारभर ब्रेकवर पाय ठेवून बसतेस."

मी म्हटलं, नाही बसत. तिनेच शिकवल्याप्रमाणे उताराला मी गिअर खाली घेते, गाडी इंजिनवर धरते, वळणाआधी थोडासा ब्रेक लावते आणि सोडून देते.

"ठेवतेस. कळत नाही, पण ठेवतेस. भीतीने होतं ते. आणि तापलेला ब्रेक एखाद्या दिवशी ऐन उतारावर लागायचाच थांबतो, हेही मीच शिकवलंय तुला. उतार संपला की जळकट वास येतो का?"

येत होता. मला वाटायचं, पुढच्या ट्रकचा असेल.

हातांना काळं लागलं होतं म्हणून डोळेही पुसता येईनात. मावशीने आवाज जरा खाली आणला. पण म्हणायचं ते म्हणालीच: जावयाला काय कबूल केलं होतंस, आठव. पोर मागे बांधून न्यायचं आहे. चार आठवडे नणंदेकडे राहिलीस तर आभाळ कोसळत नाही. नाचता येईना तर अंगणाला दोष देऊ नये.

तेवढ्यात पायरीवरून सासूबाई म्हणाल्या, "ती ब्रेक दाबत नाही."

मावशी वळली.

"मी शेजारी बसते ना. उतारभर मी रस्त्याकडे बघतच नाही, मला भोवळ येते. मी तिच्या पायाकडे बघत असते. ती दाबते आणि सोडते, दाबते आणि सोडते. तुमचे पॅड भेसळीचे असतील."

मावशीला कुणी भेसळीचं म्हणणं म्हणजे वाघाच्या मिशीला हात. पण विहीणबाईच पडल्या, ती "असं का" एवढंच म्हणाली. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या ठोंब्याची लाळ पुसत होत्या. माझ्या बाजूने त्या आजवर कधी एवढं लांब बोलल्या नव्हत्या.

मग मी पुढच्या कामाला लागले. मी पिना पुसून ग्रीस लावलं. पॅडला आणि चकतीला ग्रीसचं बोटही लागता कामा नये. पॅड पातळ झाले होते म्हणून त्यांना दाबणारा दट्ट्या पुढे आला होता, तो शिकंज्याने सावकाश मागे ढकलला. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीकडे मावशी लक्ष ठेवून, वर येतंय, वर येतंय, बास. नवे पॅड त्यांच्या खोबणीत टक्क बसले. पंजा खाली, बोल्ट घट्ट. दोन्ही चाकं चढवली, गाडी खाली घेतली, नट समोरासमोरचे एकाआड एक आवळले.

"आता बस आत," मावशी म्हणाली. "दट्ट्या मागे गेलाय, पहिला ब्रेक पोकळ लागणार. इथेच, उभ्या गाडीत, तो कडक होईस्तोवर दाबत राहायचा. हे विसरून लोक गाडी काढतात आणि थेट भिंतीत जातात. मागच्या वेळी मी केलं होतं, आज तू कर."

मी बसले. दाबला. खरंच, पाय सरळ तळाला गेला, शेवाळावर पडल्यासारखा. सोडला, पुन्हा दाबला. गाडी उभी होती, समोर बघायला रस्ता नव्हता, म्हणून नजर सहज शेजारी गेली.

शेजारची पट्टी माझ्याबरोबर हलत होती.

मी दाबला की ती खाली. मी सोडला की वर. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी, शांतपणे. मी पाच-सात वेळा तसंच करून बघितलं. मग पाय थांबवला आणि वाकून नीट पाहिलं. खालच्या चटईवर धूळ होती, खडे होते, ठोंब्याच्या सांडलेल्या पावडरचा पांढरा फुफाटा होता. त्या पट्टीच्या रबरावर मात्र धुळीचा कण नव्हता. मधोमध ते घासून गुळगुळीत झालं होतं, आणि त्यावर सासूबाईंच्या उजव्या चपलेच्या तळाची नक्षी उमटली होती.

एका क्षणात सगळं जागेवर बसलं. जळकट वास. पाववाल्याचे लाल दिवे. सारखे झिजलेले चार पॅड. माझा पाय कधीच ब्रेकवर नव्हता. माझा पाय बघताना ज्यांचा जीव मुठीत असायचा, त्यांचा होता.

मी मावशीला हळूच हाक मारली. ब्रेक दाबून दाखवला. ती शेजारच्या दारातून बघत राहिली. पट्टी खाली, पट्टी वर. मावशीचा चेहरा मी अनेक रूपांत पाहिलाय, पण असा कधी नाही. शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला की तिच्या गाडीत एक घंटी वाजायची, शिकणाऱ्याला कळावं म्हणून. आता तिला आठवलं. मिस्त्री घाईत होता, ती फोनवर होती, त्याने "काढलं" म्हटलं, तिने मान हलवली. त्याने घंटीची वायर काढली होती. ब्रेक होता तिथेच होता.

"आणि मीच त्यांना म्हटलं, खुशाल पाय ठेवा," ती पुटपुटली. मग ती पेटीवर बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं मी." तिने माझा काळा हात धरला, तिचाही काळा झाला.

आता हे सासूबाईंना कोणी सांगायचं? मावशी म्हणाली की सांगायचंच कशाला. त्या आत गेल्या की मी गुपचूप पट्टी काढते, दोन बोल्टचं काम. म्हातारीच्या जिवाला घोर नको. क्षणभर मलाही ते पटलं. पण तेव्हाच मला ती सायकलवरची मुलगी आठवली, आणि मी जागच्या जागी थबकले.

मी पायरीवर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ठोंब्या माझ्याकडे झेपावला, त्याला काळे हात लागू नयेत म्हणून मी ते पाठीमागे धरले. मग सांगितलं. लपवलं काही नाही, वाढवलंही नाही.

सासूबाईंनी आपल्या पावलाकडे पाहिलं, जणू ते कुणा परक्याचं आहे.

"म्हणजे मी," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "मला वाटायचं, गाडीच्या धक्क्याने ती हलते. वळण आलं की माझा पाय आपोआप रोवला जायचा. माझ्या नातवाचे ब्रेक मीच..."

"आई, ती सायकलवाली मुलगी आठवते?"

"तिला कशी विसरेन. त्या दिवशी पाय असा रोवला की गुडघ्याची सूज चार दिवस उतरली नव्हती. तू फोनवर एवढ्या आनंदाने सांगत होतीस, म्हटलं आपलं दुखणं मधे कशाला."

"गाडी तुम्ही थांबवलीत."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणत होत्या की विचार करत होत्या, कळलं नाही. "मी कशाला? तूही दाबलाच होतास ना."

"दाबला होता. पण माझा एकटीचा पाय पुरला असता का, मला नाही माहीत."

"मग दोघींनी," सासूबाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. ठोंब्याला माझ्या मांडीवर दिला, माझे काळे हात न बघता, आणि उठून गाडीशी गेल्या. मावशीला म्हणाल्या, "विहीणबाई, ती पट्टी काढून टाका."

मी मधे पडले. म्हटलं, राहू दे की, आता तुम्हाला माहीत झालंय, गरज लागली तर असू दे. खरं सांगायचं तर आता मलाच ती तिथून जायला नको होती.

"नको," त्या म्हणाल्या. "माझा पाय माझं ऐकत नाही. आणि तुला येतं की."

तुला येतं की. एवढंच. मावशीने मला परवाना मिळाला त्या दिवशी पाठीवर थाप दिली होती, नवऱ्याने चपळ पाय म्हटलं होतं. पण त्या तीन शब्दांनी मला जे दिलं ते आणखी कशानेच दिलं नव्हतं. मी मान खाली घालून ठोंब्याच्या केसांत तोंड लपवलं. नंतर बघते तर त्याच्या कपाळावर माझ्या नाकाच्या शेंड्याचा काळा ठिपका.

मावशीने पट्टी काढली. तिच्या जागी गुडघ्याला टेकू हवा म्हणून सासूबाईंनी मागच्या दाराला अडकवायचा लाकडी ठोकळा आणला, आणि मावशीने तो चटईवर पक्का बसवून दिला. मग आम्ही सगळे मोकळ्या रस्त्यावर फेरी मारून आलो. नवे पॅड एकदम जोरात वापरायचे नसतात. थोडा वेग घ्यायचा, हलक्या पायाने कमी करायचा, पुन्हा थोडा वेग, म्हणजे पॅड आणि चकती एकमेकांना ओळखू लागतात. मावशी मागच्या सीटवर ठोंब्याशेजारी बसली होती आणि, काय सांगू, तोंड मिटून बसली होती. घराशी आल्यावर म्हणाली, "उतारावर मी यायला नको. काय करायचंय मला मधे."

या आठवड्यात आम्ही खाली गेलो. पाववाला मागे होताच. उतारभर हॉर्न नाही, दिवे नाहीत. सपाटीला आम्हाला ओलांडताना त्याने काच खाली केली आणि विचारलं, "केलेत वाटतं दुरुस्त?" मी हो म्हटलं, आणि मागच्या वेळच्या माझ्या बोलण्याबद्दल त्याला चारदा हात केला. तो गोंधळला असावा. गाडी संपूर्ण उतार उतरली, आणि खाली आल्यावर मी काच उघडून वास घेतला. कशाचाही नव्हता.

ठोंब्याची पावलं आता जवळजवळ समोर बघतात. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर कापलं आणि सासूबाईंना आधी दाखवलं, मग मला. थोडे आठवडे आणखी, म्हणाल्या. सासूबाईंनी गुडघा धरला आणि त्यांचा घूंऽऽ सुरू झाला. मी बाहेर न जाता तिथेच भिंतीला टेकून ऐकत उभी राहिले.

पण मला सांगायचं आहे ते उतारावरचं. पहिलं मोठं वळण जवळ आलं तेव्हा मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी पर्स धरली होती, नजर माझ्या पायावर, आणि त्यांचा उजवा पाय त्या ठोकळ्यावर असा रोवलेला होता की चपलेतून बाहेर आलेली बोटं पांढरी पडली होती. ठोकळा कशालाच जोडलेला नाही. चकतीला नाही, ऑइलला नाही, दिव्यांना नाही. तरी मला माझ्या पायात जरा जास्त बळ आल्यासारखं वाटलं.

"आई," मी म्हटलं, "वळण आलं. दाबा."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग तोंड फिरवून हसू दाबलं, आणि गंभीरपणे, सगळा जोर लावून, लाकूड दाबलं. मीही हलकेच ब्रेक लावला आणि सोडला. मागे ठोंब्याने प्लास्टरचे पाय सीटवर आपटले. गाडी वळणातून अलगद बाहेर आली.

"पुढचं कधी?" सासूबाईंनी विचारलं.